परंपरेचा पक्ष आणि डोंगरातला मतदार

निवडणुकीचा धुरळा उडत असतो तेव्हा प्रत्येक पक्षाला आपलीच लाट दिसते. आणि निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो तेव्हा जिंकलेल्यास आपण का जिंकलो व हरलेल्यास आपण का हरलो याचा विचार करण्याची उसंत नसते. तो विचार धुरळा खाली बसल्यावरच करावा लागतो. २०२४ सालच्या मे महिन्याच्या २० तारखेस पालघर जिल्ह्यातील मतदारांनी लोकसभेसाठी मतदान केले आणि बरोबर सहा महिन्यांनी, नोव्हेंबरच्या २० तारखेस, विधानसभेसाठी. पहिल्या खेपेस भारतीय जनता पक्षाचे डॉ. हेमंत सवरा एक लाख ८३ हजारांहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर गेले. दुसऱ्या खेपेस, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके व वाड्याचा काही भाग ज्यात मोडतो त्या विक्रमगड मतदारसंघात, त्याच पक्षाचे हरिश्चंद्र भोये यांनी शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील भुसारा यांचा पराभव केला. भुसारा यांनी २०१९ साली हीच जागा डॉ. सवरा यांना हरवून जिंकली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पालटाचे महत्त्व कळते.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींचा हा मुलूख मुंबईपासून शंभर-सव्वाशे मैलांच्या आत आहे आणि दारिद्र्याच्या मोजमापात मात्र तो मुंबईपासून शतकभर दूर आहे. ज्याच्यापाशी जतन करण्याजोगी मालमत्ता जवळजवळ नाही, अशा मतदाराने परंपरेचे, धर्माचे आणि प्रस्थापित समाजरचनेचे जतन करू म्हणणाऱ्या पक्षाला कौल का द्यावा? हा प्रश्न पुष्कळांना पडतो, आणि त्याची दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक असे की, मतदार अडाणी आहे व त्याला पैशाने विकत घेतले. दुसरे असे की, त्याला राष्ट्रहिताचा साक्षात्कार झाला. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. पहिल्यात मतदाराचा अपमान आहे, दुसऱ्यात उमेदवाराची खुशामत आहे. आणि काय घडले याचा शोध दोहोंतही नाही.

हा प्रश्न एकट्या जव्हारचा नाही. जेथे जेथे प्रौढ मताधिकार आला तेथे तेथे परंपरावादी पक्षांपुढे एकच पेच उभा राहिला. जमीनदार, सावकार, कारखानदार व धर्मगुरू यांचे हितसंबंध सांभाळणाऱ्या पक्षाने अल्पसंख्य श्रीमंतांच्या मतांवर निवडणूक जिंकावी कशी? इंग्लंडात डिझरायली यांनी १८६७ साली शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मताधिकार देणारा कायदा स्वतःच पुढे नेला, तो या पेचातून वाट काढण्यासाठीच. अमेरिकेत ही वाट सापडण्यास बराच काळ लागला. तेथील रिपब्लिकन पक्षाचे (महाराष्ट्रातील वाचकांस या नावाने डॉ. आंबेडकरांच्या कल्पनेतील पक्ष आठवेल, हा पक्ष अर्थातच निराळा) उमेदवार बॅरी गोल्डवॉटर १९६४ साली आपली मते कोणताही आडपडदा न ठेवता घेऊन मतदारांपुढे गेले. सरकारने नागरिकाच्या व्यवहारात हात घालू नये, वृद्धांच्या विम्याची योजनाही ऐच्छिक असावी, असे ते सांगत. पन्नासांपैकी सहा राज्ये त्यांच्या पदरी पडली. त्यांच्या पक्षाने या पराभवातून धडा घेतला. अर्थशास्त्राचे व्याख्यान देऊन गरिबाचे मत मिळत नाही. त्याच्या मनातील भय, अभिमान आणि श्रद्धा यांना हाक द्यावी लागते, हा तो धडा होय.

१९६८ साली रिचर्ड निक्सन यांनी कायदा व सुव्यवस्थेची हाक दिली, आणि आवाज न करणारे बहुसंख्य लोक आपल्या पाठीशी आहेत ही कल्पना त्यांनी पुढील वर्षी रूढ केली. १९७९ साली पाद्री जेरी फॉलवेल यांनी धर्मनिष्ठ मतदारांची संघटना उभारली आणि रविवारच्या प्रार्थनेला जमणारा समुदाय मतदानकेंद्राकडे वळवला. १९८० साली रॉनल्ड रेगन यांनी डेट्रॉइटजवळच्या मॅकोंब परगण्यातील मोटार-कारखान्यांतील कामगारांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विरोधी पक्षाला मत देणाऱ्यांना, आपलेसे केले. डोनल्ड ट्रम्प यांनी २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या कारखाने बंद पडलेल्या राज्यांत जय मिळवला. तो मिळवताना गोल्डवॉटर यांची शिकवण त्यांनी सोयीस्करपणे बाजूस ठेवली. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला हात लावणार नाही, असे ते सांगत राहिले. २०२० सालच्या साथीत सरकारी मदतीचे धनादेश घरोघर गेले तेव्हा त्यांवर अध्यक्षांचे नाव छापलेले होते. सरकारचा हात नको म्हणणारा पक्ष अखेर सरकारच्या हातावर आपले नाव कोरू लागला, ही त्या साठ वर्षांच्या वाटचालीची परिणती आहे. जव्हारच्या घाटात काय घडले हे समजून घेण्यास हा इतिहास उपयोगी पडतो, कारण भय, श्रद्धा, सेवा आणि सरकारी देणे या चार साधनांतील एकही येथे वापरावयाचे राहिलेले नाही. क्रम मात्र निराळा आहे.

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाईदलात होते, आणि पुढे १९६० च्या दशकात ते लोकसभेचे सभासद झाले. राजस्थानात व गुजरातेत कित्येक संस्थानिक राजाजींच्या स्वतंत्र पक्षात गेले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी १९६२ साली त्या पक्षातर्फे प्रचंड मताधिक्य मिळवले. जव्हारचे राजे मात्र काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. याचा अर्थ असा की, या डोंगरात परंपरेचा मान, राजवाड्याची पुण्याई, पाटलाचा शब्द हे सारे भांडवल प्रारंभी काँग्रेसच्या पेढीवर जमा होते. परंपरावादी पक्षाला येथे परंपरा वारसा म्हणून मिळाली नाही.

दुसरी शक्ती लाल बावट्याची. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच आदिवासी ठार झाले. ज्या मुलखात लग्नाचे कर्ज फेडण्यासाठी नवराबायको दोघांनी जमीनदाराकडे जन्मभर राबावयाचे अशी रीत होती, तेथे माणसाला ताठ उभे राहावयास या चळवळीने शिकवले, हे तिच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. १९७७ साली डहाणू मतदारसंघातून मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम लोकसभेवर गेले ती त्या पेरणीची फळे होती. डहाणूची विधानसभेची जागा २०१९ व २०२४ या दोन्ही वेळी त्याच पक्षाच्या विनोद निकोले यांनी राखली, म्हणजे ते पीक अद्याप पुरते नाहीसे झालेले नाही.

एका बाजूस राजवाडा व काँग्रेस आणि दुसऱ्या बाजूस लाल बावटा असताना जनसंघाला येथे पाय ठेवावयास जागा नव्हती. ती त्याने सभा भरवून मिळवली नाही. वसतिगृह काढून मिळवली. १९५२ साली बाळासाहेब देशपांडे यांनी जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाची मुहूर्तमेढ रोवली. त्याच विचाराचा प्रकल्प माधवराव काणे यांच्या परिश्रमाने तलासरीत, म्हणजे लाल बावट्याच्या ऐन बालेकिल्ल्यात, उभा राहिला. पाड्यावरचा मुलगा तेथे यावयाचा, दोन वेळ जेवावयाचा, शाळेत जावयाचा, सायंप्रार्थना म्हणावयाचा. त्याच्याशी कोणी मतांची गोष्ट बोलत नसे. वीस वर्षांनी त्याच मुलांतून शिक्षक, कारकून, वकील व कार्यकर्ते तयार झाले. चिंतामण वनगा हे या मुशीतून घडलेले वकील. १९९६ व १९९९ साली डहाणूतून, २००९ साली विक्रमगडमधून विधानसभेवर आणि २०१४ साली पालघरमधून पुन्हा लोकसभेवर ते निवडून आले. दीर्घकाळ लोकप्रतिनिधी राहूनही त्यांच्या साधेपणाबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही. विष्णु सवरा हे दुसरे नाव. ते आमदार झाले, मंत्री झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या कार्यामागील हेतूविषयी मतभेद जरूर असावेत. ‘आदिवासी’ या शब्दात मूळ रहिवासी असल्याचा हक्क आहे. ‘वनवासी’ म्हटले की तो हक्क पुसला जातो, हा आक्षेप आम्हांस निराधार वाटत नाही. परंतु ज्या काळी पुरोगामी म्हणवणाऱ्यांपैकी अनेकांचा आदिवासींशी संबंध निवडणुकीपुरता उरला होता, त्या काळी कोणी तरी तीस-तीस वर्षे एका आडगावी राहून मुलांच्या जेवणाची व अभ्यासाची काळजी वाहिली. मतदार या गोष्टी विसरत नसतो. परंपरावादी पक्षाच्या यशाचा पाया येथे आहे; त्यावरचे मजले पुढे निराळ्या मालमसाल्याने बांधले गेले.

२०१४ साली पक्षाला दिल्लीत व मुंबईत सत्ता मिळाली. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. जव्हारकरांची जिल्ह्याच्या ठाण्याची मागणी मागे पडली आणि कचेऱ्या समुद्राकाठी गेल्या. विष्णु सवरा आदिवासी विकासमंत्री झाले. सेवेच्या बळावर वाढलेल्या पक्षाची सत्तेच्या आसनावर परीक्षा होण्याची ही वेळ होती, आणि ती परीक्षा २०१६ साली मोखाड्यात झाली. कुपोषणाने बालके दगावू लागली, आणि मंत्री आपल्याच मतदारसंघात गेले तेव्हा त्यांना लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागले. तत्पूर्वी १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या परिसरात शंभराहून अधिक बालके अशीच मृत्यू पावली होती. तेव्हा राज्य काँग्रेसचे होते. पंचवीस वर्षांत झेंडे बदलले, योजनांची नावे बदलली. आईच्या मांडीवरचे हाडांचे गाठोडे तेच राहिले.

३० जानेवारी २०१८ रोजी खासदार वनगा यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोटनिवडणूक लागली. या निवडणुकीचा अभ्यास राजकारणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने करावा. दिवंगत खासदारांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेच्या तिकिटावर उभे राहिले. वनगांच्या पक्षाने काँग्रेसमधून नुकतेच आलेले राजेंद्र गावित यांना उमेदवारी दिली. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ वसई-विरार पट्ट्यात सभेस आले. गावित २९ हजार ५७२ मतांनी निवडून आले. काँग्रेसचे उमेदवार पाचव्या क्रमांकावर फेकले गेले. पुढील वर्षी युतीत जागा शिवसेनेकडे गेली तेव्हा गावितही जागेबरोबरच शिवसेनेत गेले आणि पुन्हा खासदार झाले. २०२४ साली जागा भाजपकडे परत आली, तिकीट डॉ. सवरा यांना मिळाले, गावित भाजपत परतले आणि काही महिन्यांतच एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे पालघरचे आमदार झाले. २०१९ साली आमदार झालेले श्रीनिवास वनगा यांना त्या वेळी उमेदवारीच मिळाली नाही.

व्यक्तींना दोष देण्यासाठी हा वृत्तान्त आम्ही दिलेला नाही. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. वसतिगृहाच्या काळात उमेदवार घडवला जात असे. २०१८ नंतर तो निवडला जाऊ लागला, आणि निवडीची कसोटी एकच, ती म्हणजे निवडून येण्याची शक्यता. पक्षाचे वैशिष्ट्य उमेदवाराच्या चारित्र्यात न राहता दोन ठिकाणी जाऊन बसले: एक, दिल्लीतील नेत्याच्या प्रतिमेत, आणि दुसरे, मतदारयादीच्या पानात. प्रत्येक पानाला एक माणूस नेमावयाचा, त्याने त्या पानावरील कुटुंबे ओळखावयाची, कोणाला घरकुल मिळाले, कोणाचे अडले, कोणाच्या घरी गॅस आला, हे टिपून ठेवावयाचे. या पद्धतीस पक्षाच्या भाषेत पन्नाप्रमुखाची योजना म्हणतात. भोंगा लावलेल्या जीपगाडीने पाडे हिंडून घोषणा देणाऱ्या जुन्या प्रचारापेक्षा ती अधिक परिणामकारक आहे, यात शंका नाही. शिवाय ती एकाच मतदारसंघात दोन भाषा बोलू शकते. लोकसभेच्या पालघर मतदारसंघात वसई-नालासोपाऱ्याची दाट वस्ती आहे आणि मोखाड्याचे उजाड डोंगरही आहेत. किनाऱ्यावर धर्माभिमानाची, लोकलगाड्यांची व नव्या बंदराची भाषा चालते. घाट चढून आले की तोच पक्ष रस्ता, नळ आणि घरकुल यांविषयी बोलतो.

आता त्या सरकारी देण्याकडे वळू. २०२४ च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या मतदानापूर्वी, जव्हार तालुक्यातील काही गावांच्या आदिवासी स्त्रिया तहसील कचेरीवर गेल्या. शिधावाटप दुकानांतून त्यांना फुकट साड्या आणि पंतप्रधानांचे छायाचित्र असलेल्या पिशव्या मिळाल्या होत्या. त्या त्यांनी परत केल्या. आम्हांला साडी नको, काम हवे, मुलांना शिक्षण हवे, रस्ते हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या धनादेशावर अध्यक्षांचे नाव छापले गेले तेव्हा तेथील विद्वानांनी वृत्तपत्रांत लेख लिहिले. येथे ज्यांना आपण निरक्षर म्हणतो त्या स्त्रियांनी एक शब्दही न लिहिता त्याहून चोख उत्तर दिले.

परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून राज्य सरकारने मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेखाली गरीब स्त्रियांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा करण्यास प्रारंभ केला आणि नोव्हेंबरात त्याच मतदारसंघाने सत्तापक्षाला कौल दिला. यात विसंगती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. छायाचित्राची पिशवी हातात घेताना घेणाऱ्याला आपण याचक आहोत हे जाणवते. स्वतःच्या नावाच्या खात्यात, दुकानदार, नवरा, मुकादम यांपैकी कोणाच्याही हातून न जाता आलेले पैसे हे तिला हक्काचे वाटतात. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दिवाळी सरून गावे रिकामी होऊ लागतात त्या सुमारास, हाती असलेल्या दीड हजार रुपयांचा अर्थ मुंबईतील दिवाणखान्यात बसून कळावयाचा नाही. ही योजना एकट्यानेच निकाल ठरवून गेली असे आम्ही म्हणत नाही. पण विरोधकांनी तिची थट्टा केली आणि नंतर स्वतः ३००० रुपयांचे आश्वासन दिले. सत्ताधाऱ्यांनी त्याआधीच २१०० चा आकडा सांगितला होता. या लिलावात तत्त्वाचा प्रश्न कोणी उपस्थित करावयाचा? सरकारचा हात आखडता असावा, माणसाने स्वावलंबी व्हावे, ही परंपरावाद्यांची जगभरची शिकवण. तिचे येथे नावही उरले नाही, आणि ते उरले नाही याची खंत तिच्या पुरस्कर्त्यांनाही नाही.

श्रद्धेच्या आवाहनाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. आदिवासी हिंदू आहे की नाही या वादावर दोन्ही बाजूंनी गरमागरम भाषणे होतात. धर्मांतर केलेल्यांना अनुसूचित जमातींच्या सवलतींतून वगळावे अशी मागणी करणारे मेळावे संघपरिवाराशी निगडित संघटना भरवतात. उलटपक्षी आदिवासींचा हिंदुत्वाशी काडीचा संबंध नाही असे सांगणारेही आहेत. ज्याने मोखाड्याचा किंवा जव्हारचा बोहाडा पाहिला आहे त्याला ही दोन्ही विधाने अपुरी वाटतील. त्या रात्रींच्या उत्सवात सोंगे नाचतात त्यांत गणपती आहे, सरस्वती आहे, रावण आहे. आणि त्याच लोकांच्या शेताच्या बांधावर वाघोबा आहे, घरात हिरवा व हिमाय आहेत, त्यांना कोणत्याही पुराणात स्थान नाही. या माणसाने पुराणातली सोंगे आपल्या मापाने घडवून घेतली. त्यासाठी त्याला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज भासली नाही. पक्षाच्या धार्मिक आवाहनाला येथे प्रतिसाद मिळतो याचे कारण ते पूर्णतः परके नाही. आणि तो प्रतिसाद एका मर्यादेपलीकडे जात नाही याचे कारण वाघोबाचा भक्त आपल्या देवाची दुसऱ्या कोणाच्या रांगेत गणना होऊ देत नाही. अमेरिकेतील चर्चचा समुदाय एका हाकेसरशी मतदानास निघतो, तसे येथे होत नाही. येथे देवापेक्षा रस्त्याचे मत अधिक.

विरोधकांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. काँग्रेसने या मुलखावर दशकानुदशके राज्य केले आणि राजवाड्याची पुण्याई संपल्यावर तिच्यापाशी येथे देण्यासारखे काही उरले नाही. साम्यवाद्यांनी जमिनीचा प्रश्न मांडला, तो आजही जिवंत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्ट्यांसाठी २०१८ च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आले, त्यांत आदिवासी बहुसंख्य होते. पण तलासरी-डहाणूच्या पलीकडे, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, ती चळवळ तितक्या खोल गेली नाही. मोर्चाला जो माणूस येतो तो मतदानास त्याच झेंड्यामागे जातोच असे नाही, कारण मोर्चा वर्षातून एकदा निघतो आणि दाखल्यासाठी कचेरीत खेटे रोज घालावे लागतात. त्या खेट्यांत जो बरोबर येतो, त्याचा पक्ष कोणता हे तो माणूस लक्षात ठेवतो.

हे सर्व सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे यावयास हवे. परंपरावादी पक्षाचे आवाहन कशाकशाने यशस्वी होते हे आपण पाहिले. पण कोणत्याही पक्षाची कसोटी त्याच्याच तत्त्वावर घ्यावयाची असते. समाजवाद्याला विचारावे की विषमता किती हटली. परंपरावाद्याला विचारावे की ज्याचे जतन करू म्हणालास त्याचे काय केलेस? कुटुंब, गाव, जमीन, देव, सणवार ही परंपरावादाची पंचायतने. जव्हार-मोखाड्यात त्यांची आजची अवस्था काय आहे?

भात, नाचणी आणि वरई घरात आली आणि दिवाळी सरली, की पाड्यांवरची कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, वसई, वाडा, ठाणे यांच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. घराला कुलूप लागते, नाही तर म्हातारी माणसे दाराशी राहतात. शाळेच्या पटावर नाव असलेली मुले भट्टीवर विटा वाहतात. शिमग्याला काही दिवसांपुरते सारे परततात आणि पुन्हा जातात. पावसाळ्याच्या तोंडी परततात ते उचल फिटली की नाही याचा हिशेब मुकादमाच्या वहीत ठेवून. वर्षातील सहा महिने जे कुटुंब एका छपराखाली नसते, त्याला कुटुंबसंस्थेच्या पावित्र्यावर प्रवचन काय कामाचे? जे गाव अर्धे वर्ष ओस असते, तेथे ग्रामदेवतेच्या सभामंडपास निधी मिळाला तरी आरतीला उभे कोण राहणार? गरोदर स्त्री भट्टीवर असते तेव्हा तिच्या आहाराची योजना पाड्यावरच्या अंगणवाडीत असते. मूल जन्मतः कमी वजनाचे निपजते आणि पावसाळ्यात, धान्याची कणगी रिकामी असताना, ते दगावते. कुपोषण हा काही आहाराचा एकटा प्रश्न नाही. घर मोडल्याचे ते लक्षण आहे.

आणि पाणी? मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण उभे आहे. त्यातून मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि तो येईपर्यंत स्त्रिया हंडे घेऊन झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी उपसत बसतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण जणू या तालुक्यासाठीच तयार झाली. या धरणाला परंपरेच्या आणि हिंदुत्वाच्या थोर पुरस्कर्त्याचे, बाळासाहेब ठाकरे यांचे, नाव दिलेले आहे. नावाचा मान राखावयाचा तर धरणाच्या भिंतीखालच्या पाड्याला प्रथम पाणी मिळावयास हवे होते. हे लिहिताना आमच्या शहरी वाचकांनाही आम्ही वगळत नाही. सकाळी नळ सोडताना जे पाणी येते त्यात मोखाड्याचा वाटा आहे. तेव्हा तेथील मतदार कोणाला मत देतो याची चिकित्सा करण्याचा अधिकार आपण जेवढ्या तत्परतेने वापरतो, तेवढ्याच तत्परतेने त्याच्या मताचे पुढे काय होते याचीही चौकशी केली पाहिजे.

परंपरावादी पक्षाला या मुलखात आज जी संधी आहे तशी यापूर्वी कोणालाही नव्हती. दिल्लीत, मुंबईत, लोकसभेच्या व विधानसभेच्या जागेवर, सर्वत्र त्याचेच माणूस आहे. काम अडवले म्हणून बोट दाखवावयास दुसरा पक्ष उरलेला नाही. त्याने आपल्याच जुन्या वारशाकडे पाहावे. तलासरीच्या वसतिगृहाने मुलाला पाड्यावरून उचलले आणि माणूस म्हणून परत पाठवले. नुसता लाभार्थी म्हणून त्याची नोंद केली नाही. त्याच न्यायाने पाहिले तर कामांची यादी लहान आहे. वनहक्काचे दावे निकालात काढून जमिनीचा पट्टा हाती द्यावा. धरणाच्या पाण्यात पाड्यांचा वाटा कायद्याने ठरवावा. पावसाळ्यानंतर गावातच रोजगार हमीची कामे निघावीत आणि मजुरी वेळेवर मिळावी. भट्टीवर जाणाऱ्याच्या मुलाला गावच्या आश्रमशाळेत राहता यावे. ही मागणी डावी नाही, उजवी नाही. घर एकत्र राहावे एवढेच तिचे म्हणणे आहे, आणि याहून अधिक परंपरावादी मागणी दुसरी कोणती असू शकेल?

पुढील निवडणुकीत पुन्हा जीपगाड्या घाट चढून येतील, तारप्याच्या तालावर उमेदवार चार पावले टाकतील, त्यांची छायाचित्रे छापून येतील. मतदाराने त्यांचे स्वागत जरूर करावे. पाहुण्याला पाणी देण्याची त्याची रीत आहे. परंतु ते पाणी तिने किती लांबून आणले, हे घरधनिणीने उमेदवारास विचारावे. आणि त्याचे उत्तर ऐकूनच आपले मत ठरवावे. साडी परत करण्याइतके धैर्य ज्या स्त्रियांपाशी आहे, त्यांना हा प्रश्न विचारणे अवघड नाही.